विमानवाल्या काकाजींच्या मागं राहिलेलं कसं जपायचं

तेरवी झाली की दुसऱ्याच दिवशी घर आवरायला काढू नका, पहिली गोष्ट हीच. पाहुणे गेलेले असतात, घर मोकळं झालेलं असते, कोणीतरी म्हणते का बाप्पा हा माळा एकदाचा रिकामा करून टाकू, अन नेमका तेव्हाच गल्लीतून भंगारवाला ओरडत जाते. विमानाचं वेड असलेल्या माणसाच्या खोलीत जे असते ते बाहेरच्याला रद्दी, तारा, थर्माकोल अन लोखंडच दिसते, अन किलोच्या भावानं वह्या एकदा गेल्या की गेल्या.

आमच्या तालुक्याच्या गावात असेच एक काकाजी होते. पोस्टात सॉर्टर, रिटायर झाल्यावर पूर्णवेळ विमानवाले. सगळं गाव त्यांना विमानवाले काकाजीच म्हणायचं, खरं नाव फक्त मतदार यादीत. ते गेल्यावर सामान लावायचं काम आम्हा दोघा-तिघांवर आलं, अन त्यात जे समजलं ते लिहून ठेवतो, कारण वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया कुठंही जा, असा एखादा माणूस निघतेच. कधी तो रेडिओ दुरुस्तीवाला असते, कधी झेडपीचा मास्तर, कधी जिनिंगमधला फिटर, अन तो गेला की घरच्यांना समजतच नाही याचं करायचं काय.

तर आधी फोटो काढा, हात नंतर लावा. खोली जशी आहे तशी, दारातून, चारही भिंती, मग एकेक फळी, मग टेबल, मग टेबलाखालचं. कोणती वही कोणत्या डब्याशेजारी होती यावरून पुढं लय काही समजते. काकाजींच्या एका फळीवर पोस्टाच्या जुन्या फॉर्मांचा गठ्ठा होता, आम्ही म्हटलं हे तं ऑफिसचं, फेकू, पण फोटोत पाह्यलं तर तो गठ्ठा वह्यांच्या मधोमध ठेवलेला, मग उलटून बघितला तर प्रत्येक फॉर्मच्या मागं पेन्सिलनं विमानाचं एकेक चित्र. म्हणून फोटो. अन व्हॉट्सअॅपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की तो दाबून बारीक होते अन वहीतलं बारीक अक्षर वाचता येत नाही.

आता घरातल्या लहान पोट्ट्यांना बाहेर काढा, कारण दोन-चार वस्तू खरंच धोक्याच्या असतात. मॉडेल विमानाची जी छोटी डिझेल इंजिनं असतात त्यांच्या इंधनात ईथर असते, रॉकेल अन एरंडीचं तेल असते, अन ईथर एवढं पेट घेणारं की बंद खोलीत बाटली उघडून शेजारी देवाचा दिवा लावला तरी पुरे. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनाला मिथेनॉल लागते, ते विष आहे, वास घेऊन "हे काय आहे बरं" असं करू नका. लेबल नसलेली बाटली उघडायचीच नाही, उन्हात ठेवायची नाही, अन नालीत ओतायची तर बिलकुल नाही, कॉलेजच्या केमिस्ट्रीवाल्या सरांना दाखवा. रिमोटच्या विमानाची बॅटरी फुगलेली असली तर चार्ज करून बघायचा मोह टाळा, ती पेटते, तिला वाळूच्या डब्यात बाहेर ठेवा अन ई-कचरा घेणाऱ्याला द्या. अन मिलिटरी सरप्लसमधून कोणी आणलेलं जुनं मीटर असलं, उंची दाखवणारं किंवा वेग दाखवणारं, अन त्याचे आकडे पिवळट-तपकिरी रंगानं रंगवलेले असले तर त्याची काच काढू नका. जुन्या काळी अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग लावत, रंगाची चमक कधीच मेलेली असते पण रेडियम तसंच असते, अन त्याची पूड अंगात जाणं वाईट. काच शाबूत आहे तोवर पिशवीत बंद करून वर चिठ्ठी लावून ठेवलं तरी चालते, फक्त पोरांच्या हाती नको.

एवढं झालं की वह्या. माझ्या मते सगळ्यात मोठं धन हेच, मॉडेल-बिडेल नंतर. अशा माणसाकडं वही असतेच, तो तारीख-वेळ लिहिल्याशिवाय राहूच शकत नाही. आमच्याकडच्या आभाळातून दिल्लीहून हैदराबाद-चेन्नईकडं जाणारी अन मुंबईहून कोलकात्याकडं जाणारी अशी दोन्हीकडची विमानं जातात, नागपूर मधोमध पडते ना. काकाजी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे अन टिपायचे. एक नोंद जशीच्या तशी देतो: "१०.४२, उ ते द, लय वर. रेघ लांब, मोडली नाही, पसरली. उद्या ढग." अन खाली दुसऱ्या दिवशीची शाई वेगळी: "ढग आले. १० थेंब."

ही रेघ म्हणजे काय ते सांगतो, कारण वही वाचणाऱ्याला हे समजलं नाही तर अर्ध्या नोंदी अक्षरशः वाया. पस्तीस हजार फुटांच्या आसपास थंडी उणे चाळीस अंशाच्या जवळपास असते, इंजिनातून निघालेली वाफ तिथं गोठून बर्फाचे बारीक कण होतात, तीच पांढरी रेघ. वरची हवा कोरडी असली तर रेघ विमानाच्या मागंच विरते, दमट असली तर तशीच राहते, रुंद होते, पसरते. म्हणून लांब टिकलेल्या रेघेवरून काकाजी ढगांचा अंदाज बांधायचे, अन तूर-हरभरा फुलोऱ्यावर असला की दोन-चार शेतकरी सकाळी विचारायला यायचेच, "काकाजी, आज रेघ कशी हाये?" अंदाज दरवेळी बरोबर यायचा असं नाही, पण चुकलेलाही त्यांनी वहीत लिहिला आहे, तेच मला आवडते.

वह्या स्कॅन करताना झेरॉक्सवाल्याच्या त्या आपोआप कागद ओढणाऱ्या मशीनमध्ये पानं घालू नका, जुना कागद फाटते. वही उसवूही नका. दिवसा खिडकीजवळ टेबल लावा, फ्लॅश बंद, फोन वहीच्या बरोबर वर सपाट धरा, अन कव्हरपासून सुरू करून कोरी पानंसुद्धा घ्या, नाहीतर पुढं कोणी म्हणणारच की मधली पानं लपवली. फाईलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग पान, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप ओळीनं लावते. संक्षेप कशाचे काय आहेत त्याची वेगळी यादी करत चला, "डा." म्हणजे डाकोटा, "व्हा." म्हणजे व्हायकाउंट, "फो." म्हणजे फोकर, सगळी जुनी प्रवासी विमानं, हे आम्हाला लवकर समजलं, "ना.मे." मात्र कोणालाच समजेना, शेवटी पोस्टातल्याच एका रिटायर बाबाजींनी सांगितलं की अरे ते नाईट मेल.

अन इथं जरा थांबतो कारण हे नव्या पोरांना माहीतच नाही. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली अन तिचं केंद्र होतं नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूनं विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, येऊन भिडायची, तिथं टपालाच्या थैल्या अन प्रवासी आपसात बदलायचे, अन पहाटेपर्यंत जो तो आपल्या गावी परत. म्हणजे आज मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. काकाजी तरुणपणी नागपूरला ड्युटीवर असताना त्यांनी ही धावपळ बघितली, डाकोटाचं शेपूट जमिनीला टेकलेलं अन नाक आभाळाकडं, उजेड फक्त धावपट्टीच्या दिव्यांचा, अन वेड लागलं ते तिथंच. तुमच्या माणसाचं वेड कुठं लागलं ते असंच शोधा. कोणाला गोंदियाजवळ बिरसीला, जिथं इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी बांधली होती, कोणाला नागपूरच्या फ्लाइंग क्लबच्या छोट्या सेसना बघून, कोणाला एनसीसीच्या एअर विंगमध्ये, अन आमच्या पंचक्रोशीत बहुतेकांना पुढाऱ्याच्या सभेला आलेलं हेलिकॉप्टर बघूनच. मैदानात चुन्यानं गोल करून मधात एच काढायचा, धूळ उडायची, मंडप उडायचा, नेता काय बोलला ते एकाच्याही लक्षात नाही पण पंखा कसा थांबला ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

फोटोंचं आता. फोटोच्या मागं पेननं लिहू नका, शाई पुढं उतरते, मऊ पेन्सिलनं काठाला हलक्या हातानं नंबर टाका अन बाकीची माहिती वहीत. चिकट पानांचा जो अल्बम असते, वर प्लास्टिक असलेला, त्यातून फोटो ओढून काढायला जाल तर मागचा थर तिथंच राहते, बारीक दोरा दोन्ही हातात ताणून फोटोच्या मागून हळूहळू सरकवा, तरी निघत नसेल तर तसाच पानासकट स्कॅन करा. साधा फोटो स्कॅनरवर ३०० डीपीआयला चालते, पासपोर्ट साइजचा असला तर ६०० ला, निगेटिव्ह असली तर २४०० च्या खाली नको. लॅमिनेशन करू नका. कोणीही कितीही म्हटलं तरी करू नका, ते गरम करून चिकटवतात अन मग फोटो कायमचा त्यात अडकते.

तारीख नसलेल्या फोटोत विमान असलं तर विमानच तारीख सांगते, याची मजा वेगळीच. इंडियन एअरलाइन्स ही सरकारी कंपनी १ ऑगस्ट १९५३ ला सुरू झाली, त्याच्या आधीच्या फोटोत ते नाव असूच शकत नाही. त्यांच्याकडं व्हायकाउंट १९५७ पासून, फोकर १९६१ पासून, कॅरव्हेल १९६४ पासून, एअरबस ए-३०० १९७६ पासून, ए-३२० १९८९ पासून. किंगफिशरचं लाल विमान दिसलं तर २००५ ते २०१२ च्या मधला, जेट एअरवेजचं दिसलं तर १९९३ ते २०१९. इंडिगो २००६ च्या आधी नाहीच. अन विमानतळाच्या पाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव असलं तर २००५ किंवा त्याच्या नंतरचा. घरच्यांनी "हा ऐंशी सालचा आहे" म्हणून सांगितलेला एक फोटो असाच धरला अन मागं कोपऱ्यात किंगफिशरचं शेपूट. काकूजी म्हणाल्या, "तरी मी म्हनत होती का ह्या फोटोत त्याहिचे केस पांढरे कायले दिसते."

ऑडिओ कॅसेट निघाल्या तर लगेच वाजवू नका, आधी एकदा पूर्ण पुढं अन मागं फिरवून घ्या, टेप चिकटलेली असते. प्लेअरचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, हेडफोनच्या जागेतून वायर लॅपटॉपला जोडा, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात रेकॉर्ड करा, एमपी३ नंतर करा, मूळ प्रत वेव फाईलमध्येच ठेवा. यापेक्षा जास्त काही नाही त्यात.

खरी मेहनत आहे ती माणसांना बोलतं करण्यात. "काकाजी कसे होते?" असं विचाराल तर सगळं गाव एकच उत्तर देईल, "लय चांगला माणूस होता." याचा काहीच उपयोग नाही. विचारायचं असं की समोरच्याला एखादा दिवस आठवला पाहिजे. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा स्कायलॅब पडणार म्हणून सगळीकडं घबराट होती, तेव्हा काकाजी काय म्हणाले? १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेला तेव्हा रेडिओ कोणाच्या दुकानात ऐकला? अन अलीकडचं म्हणजे २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ, विदर्भात सगळ्यांनी आभाळातून जळत जाणारे गोळे बघितले, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची रिंगच पडली, जवळजवळ तीन मीटरची. त्या रात्री तुम्ही कोणाला फोन केला? आमच्या गावात निम्म्या लोकांचं उत्तर सारखं, काकाजींना. अन ते गच्चीवरच होते. म्हणाले, विमान नव्हे, विमान असं तुकड्या-तुकड्यानं इतक्या वरून जात नाही, उल्का एवढी सावकाश जात नाही, हे रॉकेटचं भंगार आहे, झोपा. नंतर पेपरात तेच आलं, चीनच्या रॉकेटचा भाग.

कोणाकोणाला विचारायचं त्यात नातेवाईक शेवटी ठेवा. आधी चहाटपरीवाला, ज्यांच्याकडून लाकूड कापून घ्यायचे ते वाढई, ज्यांनी मॉडेलला कापड शिवून दिलं ते टेलर, घड्याळवाला, अन ज्या पोरांना शिकवलं ते आता पुण्या-हैदराबादला नोकरीत असलेले. फोनवर रेकॉर्ड करताना कुलर बंद करा, मे महिन्यात हे सांगणं म्हणजे जुलूमच आहे पण कुलरच्या घरघरीत नंतर एक शब्द ऐकू येत नाही, त्यापेक्षा सकाळी सातला जा. माणूस बोलता बोलता थांबला तर तुम्ही लगेच दुसरा प्रश्न टाकू नका, अर्धा मिनिट गप्प बसा, चांगलं ते त्याच्यानंतरच येते. अन तो वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीतच लिहा. "त्याहिनं मले सांगतलं" याचं "त्यांनी मला सांगितले" केलं की तो माणूस तिथून उठून जाते.

आता भानगडीची गोष्ट. प्रत्येक विमानवेड्याबद्दल गावात एक दंतकथा असते की यानं विमान बनवलं होतं अन ते उडलं होतं. आमच्याकडंही आहे. एक म्हणतो बाजार समितीच्या मैदानावरून उडलं अन नदीपर्यंत गेलं, दुसरा म्हणतो तो स्वतः मागं बसला होता, तिसरा म्हणतो पोलिसांनी जप्त केलं. खोदत गेलं तर असं निघालं की बांबू अन पॉलिथिनचं एक मोठं ग्लायडर होतं, माणूस न बसवता राजदूत मोटरसायकलच्या मागं दोरीनं ओढलं, काही फूट वर गेलं, एका पंखावर कलंडलं अन आपटलं. काकाजींच्या वहीत त्या दिवशी एवढंच: "उचललं. डावं पंख आधी गेलं. वजन मागं जास्त." पोलिसांचा काही संबंध नाही, ते दुसऱ्याच कोणाच्या मोटरसायकलच्या भानगडीत आले होते.

तुम्हाला कोणीतरी सांगेलच की नदीपर्यंतचीच गोष्ट छापा, छान वाटते, गेलेल्या माणसाचं काय बिघडते. नका छापू. शिवकर बापूजी तळपदेंचंच बघा, त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं ही गोष्ट शंभर वर्षं सांगितली जाते, पण त्या काळचा पक्का पुरावा समोर आलेला नाही, अन आता झालंय असं की तो माणूस खरोखर काय करत होता, काय वाचत होता, पैसा कुठून आणत होता याच्यात कोणाला रसच नाही, लोक फक्त उडलं की नाही उडलं यावर भांडतात. आमच्या काकाजींनी आयुष्यभर मिनिटांचा हिशोब ठेवला, चुकलेला ढगसुद्धा चुकला म्हणून लिहिला, त्यांच्यावर आपण गप्पा चिकटवायच्या हे काही बरोबर नाही. दंतकथा लिहाच, पण "गावात असं सांगतात" म्हणून, सांगणारे तीन तर तीन तऱ्हा, अन त्याच्या खाली वहीतली नोंद.

काकूजींकडं वेगळं बसा, शक्यतो घरातलं कोणी नसताना. त्यांची बाजू कडू असू शकते अन ती पण लिहायची. पगारातले पैसे इंजिनावर गेले, पोरीच्या लग्नाच्या हळदीच्या दिवशी हा माणूस गच्चीवर, उन्हाळ्यात सगळ्यांनी आत झोपायचं कारण बाहेरच्या बाजेवर पंख वाळत घातलेले. आमच्या काकूजींनी सगळं सांगितलं अन वरून म्हणाल्या, "हे लिहजो, नाहीतं लोकाइले वाटन देवमानूस होता." पण जे त्यांनी सांगून मग "हे नको" म्हटलं ते खोडा, तिथं घासाघीस नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी आपण होऊन दाखवली. काकाजी विमानात बसले आयुष्यात एकदाच, नागपूर ते मुंबई, लेकानं तिकीट काढलं होतं, तो बोर्डिंग पास देवघरातल्या पोथीत ठेवलेला. मागं काकाजींच्या अक्षरात चाकं सुटल्याची वेळ, ढगात शिरल्याची, चाकं टेकल्याची, अन शेवटी "खिडकी मिळाली नाही." बोर्डिंग पासची छपाई उष्णतेनं होते, पोथीत राहिला म्हणून टिकला, उजेडात ठेवला की अक्षरं उडतात, म्हणून असा कागद दिसला की सगळ्यात आधी त्याचा फोटो घ्या.

मॉडेल्स. आमच्याकडं बाल्सा लाकूड कुठं मिळते, ते मागवावं लागते अन महाग पडते, म्हणून जुन्या लोकांनी सावरीचं हलकं लाकूड अन ज्वारीचे धांडे वापरले, जसे पोरं धांड्याची बैलबंडी करतात तसंच, साल काढून आतल्या गाभ्यात सालीच्याच काड्या खुपसायच्या. याला किडा लागते. मऊ ब्रशनं धूळ झाडा, ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवा अन दर पावसाळ्यानंतर उघडून बघा. डांबरगोळ्या थर्माकोलच्या मॉडेलसोबत ठेवू नका, त्याच्या वाफेनं थर्माकोल अन काही प्लास्टिक मऊ पडते, खड्डे पडतात. तुटलेलं जोडायचंच असेल तर थर्माकोलला फेविकॉल, चपलेला लावतात ते पिवळं सोल्युशन लावलं तर थर्माकोल विरघळून जाईल. नवा रंग देऊ नका. रंग उडालेलं पंख त्यांच्याच हातचं आहे. अन काहीही टिनाच्या खाली माळ्यावर ठेवायचं नाही, आपल्याकडं बाहेर पंचेचाळीस-शेहेचाळीस असते तेव्हा टिनाखाली काय होत असेल, फोटो, कॅसेट, मॉडेल सगळं गेलं समजा. खालची मधली खोली, भिंतीपासून वीतभर पुढं, जमिनीपासून वर, कारण उधई भिंतीतूनच येते.

शाळेला द्यायचं म्हणाल तर द्या, पण यादी करून, हेडमास्तरांची सही घेऊन, अन अर्धंच. एका शाळेत असंच कपाटात ठेवलेलं सामान बदली झाल्यावर नव्या माणसानं रिकामं केलं, कोणालाही न विचारता. सगळं एका जागी देणं बरोबर नाही, वह्या घरी, मॉडेल शाळेत, स्कॅन तीन जागी, त्यातली एक दुसऱ्या गावात.

फोनचं लक्षात ठेवा. काकाजींचा नंबर चालू ठेवा निदान वर्षभर, रिचार्ज बंद झाला की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळते अन मग ओटीपी त्याच्याकडं. गुगल अकाउंट दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गुगल ते पुसू शकते, त्यात फोटो असले तर तेही. विमानं दाखवणाऱ्या अॅपमध्ये त्यांनी काही जपून ठेवलं असेल तर स्क्रीनशॉट आत्ताच काढा.

मग लिहायला बसा. जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह अशा ओळीनं सुरू करू नका, ते पत्रिकेत ठीक आहे. एखाद्या साध्या दिवसापासून करा, सकाळी किती वाजता गच्चीवर, चहा कोण आणून द्यायचं, कोणतं विमान कधी यायचं अन उशीर झाला तर ते कसे चिडायचे, जशी काही एअरलाइन त्यांचीच. "थोर", "प्रेरणास्थान", "गगनभरारी" हे शब्द चौकातल्या फ्लेक्सवाल्यासाठी सोडा, त्यानं तसेही काकाजींच्या फोटोला दोन पंख लावून टाकलेच. तारीख पक्की असली तर लिहा, नसली तर "पोळ्याच्या आसपास", "कापूस वेचणीच्या दिवसात" हे चालते. पेपरात काही आलं होतं म्हणतात तर नागपूरच्या जुन्या लायब्ऱ्यांमध्ये हितवाद, तरुण भारत, लोकमतच्या फाईली बघायला माणूस पाठवा, पण आधी महिना तरी पक्का करा, वर्षभराची फाईल चाळताना डोळे जातात. वीस-पंचवीस पानं पुरे, डीटीपीवाल्याकडून काळ्या-पांढऱ्यात, फोटोखाली कोण-कुठं-कधी अन फोटो कोणी काढला ते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी भाषणं ठेवू नका, ठेवलीच तर जेवणाच्या आधी अन दोनच. त्यापेक्षा शाळेतली पोरं बोलवा अन थर्माकोलच्या ताटाचं ग्लायडर बनवायला लावा. पंख वीतभरापेक्षा थोडा लांब, साधारण ३० सेंटिमीटर, रुंदी ६ सेंटिमीटर, मधात हलकीच घडी मारून दोन्ही टोकं दोनेक सेंटिमीटर वर, मागं छोटी शेपटी. नाकाला चिकन माती लावत जायची अन दोन बोटांवर पंखाखाली तोलून बघायचं, तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून दीड ते दोन सेंटिमीटरवर आला पाहिजे. जोरात फेकायचं नाही, सरळ सोडायचं. तोंड वर करून थांबलं अन मग पडलं तर माती वाढवा, नाकावर आपटलं तर कमी करा. पोरं हे पाच मिनिटात शिकतात, मोठ्या माणसांना उगाच जोर लावायची सवय असते.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक फोन नंबर टाका अन दोन पानं कोरी सोडा, कारण वाटल्यावर दुरुस्त्या येतात, अन चांगला माल तेव्हाच बाहेर पडते. आमच्याकडं पहिला फोन आला तो बाजार समितीच्या हमालाचा, की ग्लायडर ओढणारी गाडी राजदूत नव्हतीच, येझदी होती, अन चालवणारा तोच होता, अन आजपर्यंत त्याला कोणी विचारलंच नाही. वहीत गाडीचं नाव नाही. पुढच्या छपाईत दोन्ही नावं टाकणार आहोत, अन त्याचं म्हणणं रेकॉर्ड करायला सकाळी सातला जायचं ठरलं आहे.